घर पाहाले आलो जी

माझ्या हातून आजवर पुष्कळ घोटाळे झाले आहेत, पण हा जो झाला ना, तो मी आधी कुणालाच सांगणार नव्हतो. माझ्या साळ्यानं तो अख्ख्या सावली गावात सांगून टाकला. तोही चुकीचा! म्हणून म्हटलं, निदान बरोबर तरी सांगू. चहा घ्या, बसा नीट. आणि मधे हसायचं नाही, आधीच सांगतो.

तर माझी बदली झाली सावलीहून चंद्रपूरला. मी सरकारी कचेरीतला कारकून. त्यात पोरीनं बारावी केली आणि चंद्रपूरच्याच कॉलेजात बीएस्सीला जायचं ठरवलं. म्हणजे योग चांगलाच होता. फक्त एक अडचण. घर!

सावलीच्या घरमालकाचा पोरगा पुण्याहून नोकरी सोडून परत येत होता, म्हणून मालकानं आम्हाला महिनाअखेरपर्यंत खोल्या मोकळ्या करायला सांगितल्या. महिना कोणता? मे! चंद्रपूरचा मे महिना तुम्ही पाहिलाय ना? रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवतं. अशा उन्हात मी चार रविवार घरं पाहत फिरलो. तुकूम, रामनगर, बाबुपेठ, नगीनाबाग. एखाद्या पोस्टमनला माहीत नसतील इतक्या गल्ल्या मला माहीत झाल्या.

आणि एकेक घरमालक म्हणजे काय सांगता!

एक म्हणाला, ‘‘सारं चालते, पण कूलर नाई लावाचा. भिंतीले ओल येते.’’

म्हटलं, ‘‘अहो, मग मे महिन्यात राहायचं कसं?’’

‘‘आम्ही नाई राहून राह्यलो का?’’ तो म्हणाला. आणि त्याच्या पाठीमागच्या दारातून एसीची अशी गारेगार झुळूक आली, की मला तिथून निघवेना.

दुसऱ्यानं फोनवर हॉलचा फोटो पाठवला. संगमरवरी फरशी, झुंबर, भिंतीएवढा टीव्ही. भाडं एकदम बेताचं! धावत गेलो. तर मला मागच्या अंगणातली पत्र्याची खोली दाखवली. म्हटलं, हे काय? फोटो? तर बाई म्हणतात, ‘‘तो आमचा हॉल आहे न भाऊ. येता-जाता दिसनच ना तुम्हाले!’’

तिसऱ्यानं माझं आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग आईचं माहेर. मग मामाचं आडनाव. मग मामीचं गाव. अर्धा तास माझी वंशावळ काढून झाल्यावर म्हणाला, ‘‘घर तर मागच्याच आठवड्यात देऊन टाकलं जी.’’ अरे, मग मामीपर्यंत कशाला गेलास!

मी पार टेकीला आलो होतो. बायको रोज रात्री एकच प्रश्न विचारायची, ‘‘मिळालं का?’’ आणि मी नाही म्हटलं की एक भांडं खोक्यात टाकायची. जरा जोरात.

अशात ऑफिसातल्या एकानं निरोप दिला. वडगाव भागात वाढई गुरुजी म्हणून रिटायर मास्तर आहेत, वरचा मजला रिकामा आहे, माणूस सरळ आहे. रविवारी अकराला बोलावलंय. मी साळ्याला, गजूला, सोबत घेतलं. गजूला व्यवहाराचं कळतं म्हणून नाही हो. त्याच्याकडे मोटारसायकल आहे म्हणून.

गल्लीत शिरलो आणि एका पानठेलेवाल्याला विचारलं, ‘‘वाढईंचं घर कोणतं?’’ त्यानं पान लावता लावता हनुवटीनं दाखवलं. ‘‘ते काय, हिरव्या फाटकाचं.’’

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? त्या गल्लीत समोरासमोर दोन वाढई राहतात हे मला स्वप्नात दिसणार होतं का?

फाटक वाजवलं. आतून साठीच्या आसपासचे एक गृहस्थ लगबगीनं आले. पांढराशुभ्र सदरा, कडक इस्त्री. मी म्हटलं, ‘‘नमस्कार, घर पाहायला आलो.’’

‘‘या, या, या जी! तुमचीच वाट पाहून राह्यलो सकाळपासून!’’

मी मागे वळून पाहिलं. म्हटलं, आपल्या मागून कुणी आमदार-बिमदार येतोय की काय? चार रविवारांत मला कुणी ‘बसा’सुद्धा म्हटलं नव्हतं! इथे तर सोफ्यावर नवी चादर, टीपॉयवर गुळाचे खडे आणि माठाचं पाणी. आतून त्यांची बायको पदर सावरत आली आणि दोन्ही हात जोडून उभी राहिली.

‘‘उन्हाचे आले बाप्पा तुम्ही. हे कोण?’’ त्यांनी गजूकडे पाहून विचारलं.

‘‘हा माझा साळा. पोरीचा मामा.’’

‘‘मामा पण आले!’’ बाईंचा चेहरा असा उजळला की गजूनं घाबरून केस नीट केले. ‘‘मामाचा तर पहिला मान. बसा मामा, पंख्याखाली बसा.’’

माणसं किती चांगली असू शकतात! मला भरून आलं हो. खोटं नाही सांगत.

मग आला आलूबोंडा. मग चिवडा. मग म्हणाले, जेवूनच जायचं, रस केलाय, कुरडया तळल्या आहेत. गजू एकदम गप्प झाला. तो खायला लागला की गप्पच होतो. आणि तो त्या दिवशी दोन तास गप्प होता. यावरून काय ते समजा.

मी म्हटलं, ‘‘आधी घर पाहून घेऊ का?’’

‘‘बेशक! तुमचंच घर आहे.’’

मी कामाला लागलो. चार रविवारांच्या अनुभवानं मी आता पक्का झालो होतो. नळ उघडून पाहिले. संडासात पाणी टाकून पाहिलं. भिंतीवर, फरशीवर बोटानं ठोकून ओल तपासली. कपाटं उघडली, वाकून सिंकखाली पाहिलं. वाढईभाऊ माझ्या मागे मागे, आणि त्यांच्या मागे बाई. दोघांच्याही चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखं टेन्शन. म्हणजे पाहा! घरमालकाला टेन्शन आणि मला नाही, असं जगात पहिल्यांदाच घडत होतं.

‘‘पाणी कितीदा येतं?’’

‘‘बोअर आहे न जी. तिले काहीच त्रास नाई होणार.’’

तिला म्हणजे माझ्या बायकोला, असं मी धरलं. म्हटलं, ‘‘हो, तिचं एकच म्हणणं आहे, ओटा मोठा पाहिजे.’’

बाईंनी टाळी वाजवली. ‘‘अगं बाई! म्हणजे सैपाकाची आवड दिसते! मी तर म्हटलं, आजकालच्या पोरी…’’

माझी बायको सत्तेचाळीस वर्षांची आहे. पण बाई तिला पोरगी म्हणत होत्या, मी कशाला अडवू? घरी जाऊन सांगितलं असतं तर तीही खूश झाली असती.

‘‘फक्त सामान जरा जास्त आहे,’’ मी म्हटलं. ‘‘दोन पलंग, फ्रिज, कपाट…’’

‘‘काऊन आणता?’’ वाढईभाऊ एकदम गंभीर झाले. ‘‘आमच्याकडे सारं आहे. तुम्ही एक चमचा आणू नका.’’

‘‘बरं, मग देण्याघेण्याचं कसं?’’

‘‘त्याचं नावच काढाचं नाई!’’ त्यांनी कानाला हात लावले. ‘‘आमच्या घरात ती पद्धतच नाई. एक रुपया नको.’’

मी गजूकडे पाहिलं. गजूनं आलूबोंडा हवेतच थांबवला. बाई रस वाढायला आत गेल्या, भाऊ त्यांना मदत करायला गेले, तसा मी कुजबुजलो, ‘‘अबे गजू, फुकट म्हणून राह्यला हा माणूस!’’

गजूनं घास गिळला. ‘‘भाऊजी, काही तरी लफडं आहे. कोणी मरून-बिरून गेलं असन इथी. आधी कोण राहत होतं, विचारा.’’

मला पटलं. एवढं मोठं घर, बोअरचं पाणी, फर्निचर, आणि एक रुपया नको? मी रसाची वाटी हातात घेतली आणि जरा खाकरून विचारलं, ‘‘एक स्पष्ट विचारू का? आमच्या आधी कुणी होतं का?’’

बाईंनी पदर डोळ्याला लावला. वाढईभाऊ मान खाली घालून म्हणाले, ‘‘तुम्हाले कोणी तरी सांगतलंच म्हणजे. होती जी एक. चारच महिने. मग तिच्या घरच्यांनी नाई म्हटलं. आमचं दिलेलं सारं सामान परत केलं.’’

‘‘पण कारण काय?’’

‘‘आमच्या पोराची काहीच चूक नव्हती,’’ बाई म्हणाल्या. ‘‘देवाशपथ!’’

पोराची?

मी कान टवकारले. आणि त्याच क्षणी आतून ‘पोरगा’ बाहेर आला. बत्तीस-तेहतीसचा, उंचापुरा, केस चोपून बसवलेले. कोणत्याशा कंपनीत सुपरवायझर. आला तो सरळ माझ्या पाया पडला, मग गजूच्या. नाव अतुल.

आता माझ्या डोक्यात सारं चित्र उभं राहिलं. भाडेकरू बाई एकटी. घरमालकाचा बिनलग्नाचा पोरगा. काहीतरी भानगड झाली, बाई घर सोडून गेली, आणि आता बदनामीपायी कुणी घर घेत नाही म्हणून हे लोक फुकट द्यायला निघाले! माझ्यातला बाप खडबडून जागा झाला. रसाची वाटी खाली ठेवली. खरं म्हणजे ती संपली होती, पण ठेवली जोरात.

‘‘हे बघा वाढईभाऊ, माझी तरुण पोरगी आहे. तिला शिकायचंय.’’

‘‘शिकू द्या न! आम्ही काऊन अडवू?’’

‘‘ते ठीक आहे. पण तुमच्या या मुलाचं आमच्या पोरीच्या खोलीत येणं-जाणं राहील का?’’

वाढईभाऊंनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं पोराकडे. पोरगा कानापर्यंत लाल.

‘‘म्हणजे… येणं-जाणं तर…’’ वाढईभाऊ चाचरले. ‘‘त्याचंच घर आहे न जी.’’

‘‘घर असलं म्हणून काय झालं!’’ मी कडाडलो. ‘‘आमची पोरगी आत असताना यानं खोलीत पाय टाकायचा नाही. काही काम असलं तर दार वाजवायचं. मी दार उघडेन. मला सांगायचं.’’

‘‘तुम्ही उघडान?’’ बाईंचा आवाज बसला. ‘‘म्हणजे तुम्ही पण इथीच राहणार?’’

‘‘मग! मी, बायको, माझी आई. सारं कुटुंब राहणार.’’

वाढईभाऊ हळूच सोफ्यावर टेकले. ‘‘आणि… मामा?’’

गजूनं तोंडातली कुरडई संपवून नम्रपणे सांगितलं, ‘‘मी शनिवार-रविवार येत जाईन.’’

मला वाटलं, आपण सगळं कसं स्वच्छ बोलून घेतलं. व्यवहारात हेच लागतं! तोंडावर स्पष्ट बोललं की पुढे वाद नाहीत. याच जोशात मी शेवटचा मुद्दा काढला.

‘‘आता कराराचं. आपण अकरा महिन्यांचं लिहून घेऊ.’’

‘‘काय अकरा महिन्यांचं?’’

‘‘अकराच महिने ठेवू. पटलं तर पुढे अजून अकरा वाढवता येतात. नाही पटलं, तर एक महिना आधी सांगायचं आणि सोडून द्यायचं. तुमचे तुम्ही मोकळे, आमचे आम्ही. तुम्हाला लगेच दुसरी मिळेल, आम्हालाही दुसरं मिळेल.’’

आतून धाडकन आवाज आला. बाईंच्या हातातलं पातेलं पडलं होतं. रसाचं.

‘‘बापा!’’ त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. ‘‘असं कुठी असते का जी?’’

‘‘अहो, आजकाल सगळे असंच करतात,’’ मी त्यांना समजावलं. ‘‘मी स्वतः सावलीत तीनदा केलंय.’’

‘‘तीनदा!’’

‘‘आणि हो, पोलीस स्टेशनला एक फॉर्म द्यावा लागतो. नियम आहे. घाबरू नका, मी देतो.’’

वाढईभाऊंनी कपाळाचा घाम पुसला. मी म्हटलं, भला माणूस आहे, कागदपत्रांची सवय नाही बिचाऱ्याला.

आणि तेवढ्यात फाटक वाजलं.

दोन माणसं आत आली. घामानं निथळलेली, एकाच्या हातात पेढ्यांचा पुडा. पुढचा वयस्कर गृहस्थ म्हणाला, ‘‘नमस्कार जी. यष्टी बंद पडली मूल गावाच्या पुढं, म्हणून उशीर झाला. घर पाहाले आलो.’’

आता माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? चार रविवार! डांबर! मामीचं गाव! आणि आता कुठे चांगलं घर फुकटात हाती आलंय, तर हे पेढे घेऊन मधे घुसायला निघाले! मी सरळ उठलो आणि त्यांच्या वाटेत उभा राहिलो.

‘‘उशीर झाला तुम्हाले,’’ मी म्हटलं. ‘‘आमचं बोलणं पक्कं झालं.’’

त्या माणसाच्या हातातला पुडा खाली आला. ‘‘पक्कं झालं? म्हणजे? आम्हाले तर आजचंच बोलावलं होतं! मग आमच्या पोरीचं काय?’’

‘‘तुमच्या पोरीसाठी दुसरीकडे पाहा न भाऊ. एवढ्या मोठ्या चंद्रपुरात कमी आहेत का?’’

त्याच्या सोबतचा माणूस बाह्या सावरायला लागला. मी गजूकडे पाहिलं. गजूनं पेढ्यांकडे.

तेव्हा तो अतुल, जो एवढा वेळ एक शब्द बोलला नव्हता, तो पुढे आला. हळूच म्हणाला, ‘‘काका, एक विचारू? तुम्ही नेमकं कोणतं घर पाहाले आले?’’

‘‘कोणतं म्हणजे? हेच! भाड्याचं!’’

वाढईभाऊंचं तोंड उघडं. बाईंचं उघडं. पेढेवाल्याचं उघडं. फक्त गजूचं बंद होतं, कारण ते भरलेलं होतं.

‘‘भाड्याचे वाढई,’’ अतुल म्हणाला, ‘‘ते समोर. गुरुजी.’’

आणि मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात उलगडत गेली. हे लोक मला मुलीचा बाप समजत होते, पोरीसाठी स्थळाचं घर पाहायला आलेला! गूळपाणी. मामाचा मान. ‘एक रुपया नको.’ ती चार महिन्यांची, म्हणजे पोराचं आधी ठरून मोडलेलं लग्न! आणि मी त्या माउलीला तिच्या होणाऱ्या सुनेबद्दल सांगितलं होतं, की नाही पटली तर महिनाभर आधी सांगून सोडून द्या, दुसरी मिळेल!

जमिनीनं तिथल्या तिथे फाटून मला पोटात घ्यायला हवं होतं. पण फरशी पक्की होती. मीच ठोकून पाहिली होती.

मी हात जोडले. अक्षरशः दोन्ही हात जोडून म्हटलं, ‘‘वहिनी, चुकलो. माझ्या पोरीचं लग्न नाही, तिला कॉलेजात घालायचंय. मला नुसत्या दोन खोल्या पाहिजेत हो!’’ मग त्या मूलकडच्या गृहस्थांकडे वळलो. ‘‘आणि भाऊ, माझं काही ऐकू नका. या घरात मी नळापासून भिंतीपर्यंत सारं तपासलंय. ओल नाही, पाणी भरपूर, ओटा मोठा. माणसं तर अशी आहेत, की दोन तास मी काय वाटेल ते बोललो, पण एकदासुद्धा मला निघा म्हणाले नाहीत. आणि पोरगा अजून माझ्यावर हसला नाही. पोरगी डोळे मिटून द्या!’’

पहिल्यांदा बाई हसल्या. पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांना हसताना पाहून वाढईभाऊ हसले. मूलच्या पाहुण्यांना काय झालं ते अतुलनं सांगितलं, तसे तेही खाली बसून पोट धरायला लागले. ‘‘तीनदा केलंय म्हणे!’’ वाढईभाऊ मांडीवर थाप मारत होते. एकटा मी उभा होतो. आणि गजू. तो आपला पेढा घेत होता.

ते लग्न ठरलं बरं का. तिथंच ठरलं, त्याच दिवशी. त्या मूलकडच्या भाऊंनी नंतर मला फोन करून सांगितलं की घरात बघायला आम्हाला काही उरलंच नव्हतं, सगळं तुम्हीच विचारून ठेवलं होतं.

पण माझं घर?

मी घाम पुसत समोर गेलो. गुरुजी व्हरांड्यातच खुर्ची टाकून बसले होते. शेजारी रेडिओ, पण बंद. म्हणजे ते समोरचा आमचा गोंधळच ऐकत होते, हे समजलं.

‘‘अकराची वेळ होती,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘एक वाजून राह्यला.’’

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. अगदी पहिल्यापासून. पानठेला, हिरवं फाटक, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मास्तर ना!

‘‘समजलं मले,’’ ते म्हणाले. ‘‘पण घर नाई देत. ज्याले दोन तास बसून घर कोणाचं ते कळत नाई, तो दर महिन्याचं भाडं कोणाच्या घरी नेऊन देईन, याचा भरोसा नाई.’’

आता यात गुरुजींचं तरी काय चुकलं? सांगा!

संध्याकाळी घरी आलो. बायकोनं विचारलं, ‘‘मिळालं का?’’ मी काही बोलायच्या आत गजूनं सगळं सांगून टाकलं, हातवारे करून. बायकोनं त्या दिवशी खोक्यात भांडं टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची बस पकडून ती एकटीच चंद्रपूरला गेली आणि दुपारी तीनला तिचा फोन आला. घर मिळालं! तुकूमला, दोन खोल्या, मोठा ओटा, कूलर लावायला खिडकीसुद्धा.

‘‘अगं, पण एवढ्या लवकर कसं?’’

‘‘त्या वाढईबाईंनीच पाठवलं, घरमालकीणबाई त्यांची सख्खी बहीण आहे,’’ ती म्हणाली. ‘‘काल रात्रीच त्यांना सारं कळलं. मला म्हणाल्या, बाई, तुमच्या मिस्टरांसोबत तुम्ही एवढी वर्षं काढली, म्हणजे तुम्हाले कोणत्याही घरात राहता येईन.’’

करार झाला. अकरा महिन्यांचाच झाला, पण बोलणी करायला मला नेलं नाही. भाडेकरू म्हणून नाव बायकोचं. माझंही आहे म्हणा, नाही असं नाही. खाली ‘सोबत राहणाऱ्या व्यक्ती’ असा रकाना आहे. त्यात पहिली माझी आई, दुसरी पोरगी, आणि तिसरा मी. माझ्या नावापुढे घरमालकीणबाईंनी स्वतःच्या हातानं कंसात लिहून ठेवलंय, ‘पाहुणे आल्यास यांनी बोलू नये.’